पेटंट-मुखत्याराची सनद
आविष्कर्त्याच्या वतीने पेटंट कार्यालयात अर्ज गुदरणाऱ्या मुखत्यारास, म्हणजे कायद्याच्या भाषेतील 'पेटंट एजंटा'स, वकिलीच्या सनदेची सक्ती नाही. १९७० च्या पेटंट अधिनियमाचे कलम १२६ भारताचे नागरिकत्व, वयाची २१ वर्षे आणि विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रशास्त्राची पदवी एवढेच मागून त्याला अर्हता-परीक्षेच्या दारात उभे करते. पहिली प्रश्नपत्रिका अधिनियम व नियमांची, दुसरी विनिर्देशाच्या, म्हणजे आविष्काराचे वर्णन व दावे मांडणाऱ्या दस्तऐवजाच्या, मसुद्याची, प्रत्येकी १०० गुणांची, आणि वर ५० गुणांची तोंडी परीक्षा; दोन्ही लेखी प्रश्नपत्रिकांत किमान ५० आणि एकंदर ६० टक्के गुण पडल्यावाचून उत्तीर्ण म्हणवून घेता येत नाही. खरा कस दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत लागतो, कारण छत्रीच्या नव्या घडीचा दावा लिहिताना उमेदवाराच्या हातून सहजगत्या 'लाकडी मूठ' असे शब्द उतरले, तर पितळी मूठ बसवणारा नक्कलकार राजरोस निसटतो आणि आविष्कर्त्याच्या पदरी निव्वळ कागद उरतो. ही सावधगिरी पाठांतराने नव्हे, तर जाणत्या मुखत्याराच्या हाताखाली मसुदे खरडूनच अंगी येते. पेटंट कार्यालयात एकूण दहा वर्षे परीक्षकाचे वा नियंत्रकाचे काम करून त्या पदावरून उतरलेल्या पदवीधरास मात्र ही परीक्षा माफ आहे.