व्हीपीएन चालू, तरी घरचा मीडिया सर्व्हर उघडत नाही : दोष कसा शोधावा?

घरच्या जुन्या संगणकावर जेलीफिन बसवायचे, त्यावर चित्रपट, गाणी आणि घरच्या समारंभांचे व्हिडिओ ठेवायचे आणि वसतिगृहातून ते पाहायचे, हा प्रयोग तुमच्यापैकी काही जणांनी केला असेल. घरात सगळे नीट चालते. वसतिगृहात आल्यावर व्हीपीएन चालू दिसते, पण सर्व्हरचे पान उघडत नाही. अशा वेळी वैतागून राउटरवर जेलीफिनचे ८०९६ हे पोर्ट थेट इंटरनेटला खुले करण्याचा मोह होतो. तसे करू नका. त्या पोर्टावर मुळात साधे एचटीटीपी चालते. म्हणजे तुमचा पासवर्ड उघडा प्रवास करतो आणि त्या संगणकावरील सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी कोणालाही चाचपता येतात. दोष शोधायला तासभर दिला तर ही वेळ येत नाही.

या पाठात आपण वायरगार्ड हे व्हीपीएन घेऊ. २०२० पासून ते लिनक्सच्या मूळ कर्नलचा भाग आहे. उदाहरणातील मांडणी अशी:

- घरचा राउटर : १९२.१६८.१.१
- रास्पबेरी पाय, त्यावर वायरगार्ड : १९२.१६८.१.१०
- जुना संगणक, त्यावर जेलीफिन : १९२.१६८.१.२०
- व्हीपीएनमधील पत्ते : पायचा १०.८.०.१, तुमच्या लॅपटॉपचा १०.८.०.२

लॅपटॉपवर पान दिसण्यासाठी पाच गोष्टी खऱ्या असाव्या लागतात. सर्व्हर चालू हवा, पॅकेट घरापर्यंत पोहोचायला हवे, घरात ते सर्व्हरपर्यंत जायला हवे, उत्तर परत यायला हवे आणि ते पुरेशा वेगाने यायला हवे. दोष शोधणे म्हणजे या क्रमातली पहिली खोटी गोष्ट शोधणे. ती सापडेपर्यंत पुढच्या पायरीवरील सेटिंगला हात लावू नका. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहून ठेवा.

पायरी १ : सर्व्हर चालू आहे का?

घरी असलेल्या कोणालाही फोनवर १९२.१६८.१.२०:८०९६ हा पत्ता उघडायला सांगा. फोन घरच्या वाय-फायवर हवा. पान उघडले नाही तर व्हीपीएनचा काही दोष नाही. संगणक झोपी गेला असेल किंवा डीएचसीपीने त्याला दुसरा पत्ता दिला असेल. राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवा.

पायरी २ : पॅकेट घरापर्यंत पोहोचते का?

वायरगार्डचे बटण चालू दिसणे हा पुरावा नाही. समोरून उत्तर आले नाही तरी ते चालूच दिसते. 'लेटेस्ट हँडशेक' ही नोंद पाहा. वाहतूक चालू असताना हँडशेक साधारण दर दोन मिनिटांनी नव्याने होतो. नोंदच नसेल, किंवा ती तीन मिनिटांहून जुनी असेल, तर पॅकेट वाटेत अडते आहे किंवा दोन्ही बाजूंच्या किल्ल्या जुळत नाहीत.

आधी वसतिगृहाचे वाय-फाय सोडून मोबाइल हॉटस्पॉटवर प्रयत्न करा. हॉटस्पॉटवर चालले तर संस्थेचे नेटवर्क यूडीपी अडवत असण्याची शक्यता मोठी. तिथे नेटवर्क विभागाची परवानगी घेणे हाच मार्ग.

हॉटस्पॉटवरही हँडशेक झाला नाही तर घरच्या राउटरच्या पानावर वॅन पत्ता पाहा. तो १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ यांच्यामध्ये असेल तर तुमचे घर सीजीनॅटच्या मागे आहे. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्याची ही पद्धत आहे, आणि पत्त्यांचा हा गट २०१२ मध्ये खास तिच्यासाठी राखला गेला. अशा वेळी तुमच्या राउटरवरचे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक असले तरी निरुपयोगी, कारण बाहेरचे पॅकेट त्याच्यापर्यंत येतच नाही. उपाय तीन : सेवादात्याकडून सार्वजनिक पत्ता मागणे, दोन्हीकडे आयपीव्ही६ असेल तर ते वापरणे, किंवा भाड्याच्या छोट्या क्लाउड सर्व्हरला मधला दुवा करणे.

एक इशारा : पोर्ट उघडे आहे का हे सांगणाऱ्या संकेतस्थळांवर इथे विसंबू नका. योग्य किल्लीशिवाय आलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही. त्यामुळे पोर्ट उघडे असूनही बाहेरून ते बंद असल्यासारखे दिसते.

पायरी ३ : सर्व्हरपर्यंत वाट आहे का?

हँडशेक होतो, १०.८.०.१ ला पिंग जातो, पण १९२.१६८.१.२० ला जात नाही. इथे तीन ठिकाणी पाहा. पहिले, लॅपटॉपच्या 'अलाउड आयपीज'मध्ये १९२.१६८.१.०/२४ आहे का? नसेल तर ते पॅकेट टनेलमध्ये शिरतच नाही. दुसरे, पायवर आयपी फॉरवर्डिंग चालू आहे का?

तिसरे, तुम्ही ज्या वाय-फायवर आहात त्याचाही सबनेट १९२.१६८.१.०/२४ आहे का? अनेक राउटर कारखान्यातूनच हा सबनेट घेऊन येतात, म्हणून ही टक्कर नेहमीची आहे. लॅपटॉपला तो पत्ता शेजारचाच वाटतो आणि तो सर्व्हरला वसतिगृहातच शोधत बसतो. तात्पुरता उपाय म्हणून 'अलाउड आयपीज'मध्ये १९२.१६८.१.२०/३२ लिहा. अधिक नेमका मार्ग आधी निवडला जातो, हा राउटिंगचा नियम तुम्ही शिकला आहातच. कायमचा उपाय म्हणजे घरचा सबनेट बदलून १९२.१६८.७३.०/२४ असा वेगळा काही ठेवणे.

पायरी ४ : उत्तर परत येते का?

ही चूक सर्वांत जास्त निसटते. विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली. सर्व्हर १०.८.०.२ ला उत्तर देऊ पाहतो, पण हा पत्ता त्याच्या सबनेटमधला नाही, म्हणून उत्तर राउटरकडे देतो. राउटरला १०.८.०.० हे नेटवर्क माहीतच नाही आणि उत्तर तिथेच हरवते. पायवर टीसीपीडम्प लावला की विनंती जाताना दिसते, उत्तर येताना दिसत नाही. राउटरवर '१०.८.०.०/२४ साठी १९२.१६८.१.१० कडे जा' असा स्थिर मार्ग लिहा. राउटरमध्ये ती सोय नसेल तर पायवर मास्करेड चालू करा. तरीही उत्तर नसेल तर सर्व्हरची फायरवॉल परक्या सबनेटला अडवते आहे का ते तपासा.

पायरी ५ : पान उघडते, व्हिडिओ अडतो

पान अर्धवट येऊन थांबत असेल तर एमटीयूचा संशय घ्या. इथरनेटचे पॅकेट १५०० बाइटचे असते. वायरगार्डचे वेष्टन आयपीव्ही४ वर ६०, तर आयपीव्ही६ वर ८० बाइट खाते, म्हणून त्याचा एमटीयू सहसा १४२० असतो. वाटेत पीपीपीओई असेल तर आणखी ८ बाइट जातात. मग छोटी पॅकेट जातात, मोठी हरवतात. चाचणीसाठी एमटीयू १२८० करून पाहा.

पान पूर्ण येते पण व्हिडिओ थांबत-थांबत चालतो, तर हिशेब करा. दोन तासांची ४ जीबीची फाइल म्हणजे ३२,००० मेगाबिट भागिले ७२०० सेकंद, म्हणजे सरासरी सुमारे ४.४ एमबीपीएस. घरचा अपलोड वेग ३ एमबीपीएस असेल तर कोणतेही व्हीपीएन तो व्हिडिओ सलग दाखवू शकणार नाही. जेलीफिनमध्ये बिटरेट कमी करा. मात्र तेव्हा सर्व्हरला व्हिडिओ नव्याने एन्कोड करावा लागतो. जुन्या संगणकाला ते झेपते का, हेही पाहा.

सुट्टीत घरी असाल तेव्हा लॅपटॉप मोबाइल डेटावर घेऊन या पाचही पायऱ्या एकदा करून पाहा. घरच्या वाय-फायवर बसून केलेली चाचणी बाहेरची वाट तपासत नाही. सबनेट तेव्हाच बदलून टाका. दुरून तो बदलताना चूक झाली, तर ज्या वाटेने दुरुस्ती करायची तीच वाट बंद होते.

सरावासाठी प्रश्न

१. राउटरचा वॅन पत्ता १००.८०.५.९ आहे. पोर्ट फॉरवर्डिंग का चालणार नाही?
२. पायवर मास्करेड चालू केल्यावर सर्व्हरला विनंती कोणत्या पत्त्यावरून आलेली दिसेल? त्यामुळे राउटरवर स्थिर मार्ग का लागत नाही?
३. दीड तासाची ६ जीबीची फाइल न थांबता पाहण्यासाठी घरी किमान किती अपलोड वेग हवा?