पाणवनस्पतींच्या मत्स्यपेटीतील शेवाळ

शेवाळाचे सूक्ष्म बीजाणू नव्या रोपांच्या पानांवरून, माशांसोबत आलेल्या पाण्यातून आणि हवेतूनही मत्स्यपेटीत पोहोचत असतात, त्यामुळे त्यांना पेटीबाहेर ठेवणे कोणालाही शक्य नसते. प्रकाश, तसेच माशांच्या विष्ठेतून व न खाल्लेल्या खाद्यातून तयार होणारी नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषकद्रव्ये वनस्पतींना लागतात तशीच शेवाळालाही लागतात; त्यांचा लाभ आधी कोण उठवते यावर पेटीचे रूप ठरते.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात या नात्याची नोंद सापडते. दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती त्यांनी एका भांड्यात ठेवली. कालांतराने जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, कडांवर हिरवा चिकट थर धरला, आणि तळ्यातील गोगलगायी सोडल्यावर त्यांनी ती घाण खाऊन पाणी पुन्हा निवळ केले. कुजणारे पान वेळीच काढून टाकणे हा आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि सर्वाधिक हयगय होते तीही याच कामात.

तरीही सर्वांत मोठा वाटा प्रकाशाचा असतो. प्रकाश वाढला की वनस्पतीचे प्रकाशसंश्लेषण, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने कर्बवायूपासून अन्न तयार करण्याची क्रिया, वेग घेते आणि तिची कर्बवायूची व क्षारांची गरजही वाढते. पण वायू हवेच्या तुलनेत पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात, त्यामुळे प्रखर दिव्याखाली संथ पाण्यात उभे असलेले रोप कर्बवायूवाचून अडते, त्याची वाढ खुंटते, जुन्या पानांतून सेंद्रिय द्रव्ये झिरपू लागतात आणि नेमके त्याच पानांवर शेवाळ बसते. शेवाळाच्या पेशीचा पृष्ठभाग तिच्या आकारमानाच्या मानाने फार मोठा असल्याने अत्यल्प पोषणावरही तिचे भागते. म्हणून शेवाळ दिसताच पहिली कपात दिव्याच्या वेळेत करावी. टायमर लावून रोज सहा ते आठ तास प्रकाश पुरतो, आणि नव्या पेटीत तो सहा तासांपुढे नेऊ नये. खिडकीतले थेट ऊन महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात दुहेरी हानी करते, कारण त्याने पाणीही तापते आणि तापलेल्या पाण्यात विरघळलेले वायू कमी राहतात. सिलिंडरमधून कर्बवायू देणाऱ्यांनी त्याचे प्रमाण लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास स्थिर ठेवावे. ते रोज वरखाली झाले, तर पानांच्या कडांवर केसाळ झुबके येतात, जे काळे दिसत असले तरी वर्गीकरणाने लाल शैवालात मोडतात. नव्या पेटीतला तपकिरी धुरळा मात्र डायटम या सिलिकाच्या कवचाच्या शैवालाचा असतो आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो.

पोषकद्रव्यांबाबत जाणकारांत मतभेद झाले. पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन यांनी १९९० च्या दशकात असे मांडले, की इतर क्षार पुरेसे देऊन फॉस्फेट तुटपुंजे ठेवले तर शेवाळ उपाशी राहते. पुढे टॉम बार यांनी, दाट लागवडीच्या पेटीत फॉस्फेट वाढवूनही शेवाळ येत नाही असे दाखवून, सर्व क्षार भरपूर द्यावेत आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलावे ही पद्धत रूढ केली. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे, कारण क्षारांवाचून उपाशी राहिलेली वनस्पती शेवाळाशी स्पर्धाच करू शकत नाही.

निसर्गचित्रासारख्या पेट्या रचणारे जपानचे छायाचित्रकार ताकाशी आमानो यांनी तंतुमय शेवाळ खाणारी एक लहान कोळंबी या कामी लोकप्रिय केली, आणि ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. काचेवरचा थर गोगलगायी खातात. परंतु हे जीव मदतनीस आहेत. दिवा बारा तास जळत असेल, तर त्यांना ते काम कधीच पुरे पडणार नाही.

शेवाळनाशक द्रावणाचा मोह शक्यतो टाळावा. अनेक द्रावणांत तांब्याची संयुगे असतात, जी कोळंबीला व गोगलगायींना थोड्या प्रमाणातही मारक ठरतात, आणि एकाच वेळी मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरून टाकते, त्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसतात. तसे दिसल्यास हवेचा पंप ताबडतोब सुरू करावा आणि पेटीतील निम्मे पाणी काढून क्लोरीनमुक्त ताजे पाणी भरावे.