उन्हाळ्यातली गडवाट

नाशिक परिसरातल्या गडांच्या मोडक्या वाटांचा विषय निघाला की बोट हमखास १८१८ सालाकडे दाखवले जाते. ते खोटे नाही. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्र्यंबकगड पडला, आसपासचे किल्ले पाठोपाठ इंग्रजांच्या हाती गेले आणि पुन्हा कुणी त्यांच्या आश्रयाला जाऊ नये म्हणून अनेक ठिकाणच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या गेल्या. इगतपुरीच्या दक्षिणेला, कळसूबाईच्या रांगेतल्या अलंग आणि मदन या गडांवर आजही दोराशिवाय जाणे धोक्याचे आहे.

पण शेजारच्या कुलंगकडे पाहिले की हे उत्तर अपुरे वाटते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४७० मीटर उंचीच्या या गडावर कातळात खोदलेल्या बऱ्याच पायऱ्या अजून जागेवर आहेत. तरीही एप्रिल-मे महिन्यांत पाय अधिक घसरतो तो पायऱ्यांवर नव्हे, त्यांच्या खालच्या मातीच्या उतारावर. तिथे कुणी सुरुंग लावला नव्हता.

याचे कारण डोंगराच्या घडणीत आहे. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झाला. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो. पावसाळ्यात पाणी सोपी वाट शोधते आणि माणसांच्या पायांनी खोलगट झालेली पायवाट त्याला आयती सापडते. दोन-चार पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. उन्हाळ्यात गवत वाळते, वणव्याने जळते, मुळांची पकड सुटते आणि उरतो तो घसारा, म्हणजे सुट्या मुरमाचा थर. चढताना तो फक्त दमवतो. उतरताना, थकल्या पायांनी, तो माणसाला पाडतो. वाटेला आडवे दगड बसवले आणि पाणी बाजूला काढणाऱ्या तिरक्या चरी ठेवल्या, तर हे बरेचसे टळते.

वाट मोडणारे हेच पाणी उन्हाळ्यात वर हवे असते. कुलंगच्या माथ्यावर खोदीव टाक्यांचा समूह आहे. घळीतले पाणी अडवणारा दगडी बांध आणि त्यातले गोमुखही आहे. अखंड कातळातले टाके फारसे पाझरत नाही आणि ते कातळाच्या पोटात, सावलीत असेल तर बाष्पीभवनही कमी होते. मात्र गाळ भरला की टाक्याची खोली जाते आणि उथळ पाणी वैशाखापर्यंत टिकत नाही. पावसाळ्यानंतर भरलेले टाके पाहून मे महिन्यातली मोहीम आखणारा म्हणूनच फसतो.

चरी काढणे आणि गाळ उपसणे, दोन्ही कामे दरवर्षीची. गडावर शिबंदी होती, घेऱ्यातल्या गावांकडे पहाऱ्याची कामे आणि त्याबद्दलची वतने होती, तोवर वाट आणि पाणी ही त्या माणसांची रोजची गरज होती. शिबंदी उठली आणि ती गरजच संपली. माझ्या मते १८१८ चे खरे नुकसान हे आहे. सुरुंगाने काही पायऱ्या नेल्या. वाट मोडली ती मात्र तिची गरज असलेला माणूस गेल्यामुळे, आणि ती अजून दर पावसाळ्यात मोडते आहे.

तेव्हा उन्हाळ्यात जाणाऱ्याने वर पाणी नाही असेच धरावे. माणशी चार-पाच लिटर पाणी घ्यावे, उजाडण्याआधी निघावे, कातळ तापण्यापूर्वी चढ संपवावा आणि अलीकडे वर जाऊन आलेला गावातला वाटाड्या सोबत घ्यावा. टाक्यात पाणी मिळालेच तर ते गाळून, उकळून प्यावे आणि टाक्यात पाय घालू नयेत.

वाटेच्या डागडुजीचा हंगामही हाच. मे महिन्यात चरी मोकळ्या केल्या, तर पहिल्या पावसाचे पाणी बाजूने जाते. जुन्या टाक्यांतला गाळ मात्र परवानगीने आणि जाणकारांच्या देखरेखीखालीच काढायला हवा, कारण त्यात इतिहासाचे अवशेष असू शकतात. या कामांची मजुरी घेऱ्यातल्या वाड्यांना मिळाली, तर गडाच्या वाटेची गरज असलेली माणसे पुन्हा उभी राहतील. त्यांच्याशिवाय बसवलेला लोखंडी कठडाही एक दिवस गंजूनच जाणार.