कोळंबीच्या तळ्याकाठचे पीसीआर

पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग (व्हाइट स्पॉट) चीन-तैवानकडच्या कोळंबी तलावांत १९९२च्या सुमारास दिसला आणि १९९४मध्ये भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला. लागण झालेली कोळंबी खाणे सोडते, काठाला येऊन रेंगाळते, कवचावर ठिपके उमटतात आणि तीन ते दहा दिवसांत अख्खा तलाव जातो. माणसाला या विषाणूचा काहीही धोका नाही. पण टायगर कोळंबीवर कर्ज काढलेल्या शेतकऱ्यांचे त्याने कंबरडे मोडले. आज आंध्रात काय किंवा पालघर-रायगडच्या खाडीकाठी काय, जाणता शेतकरी बीज, म्हणजे कोळंबीची पिल्ले, तलावात सोडण्याआधी प्रयोगशाळेचा कागद मागतो, तो त्या वर्षांच्या धसक्यामुळेच. त्या कागदामागचे तंत्र म्हणजे पीसीआर.

तपासण्यापेक्षा कोळंबीला लसच का देत नाहीत? प्रश्न रास्त आहे. नॉर्वेत सॅमनच्या पिल्लांना समुद्रात सोडण्यापूर्वी पोटात सुई टोचून लस देतात. १९८७मध्ये तिथल्या मत्स्यशेतीत सुमारे ५० टन प्रतिजैविके खपली होती. लसी रुळल्यावर उत्पादन कित्येक पटींनी वाढले, तरी हा खप अगदी थोडक्यावर आला. पण सॅमन हा पाठीचा कणा असलेला प्राणी. त्याचे शरीर प्रतिपिंडे बनवते आणि एकदा भेटलेला जंतू लक्षात ठेवते. कोळंबीकडे प्रतिपिंडे नाहीतच. तांब्यामुळे निळसर दिसणाऱ्या तिच्या रक्तातल्या पेशी जंतू गिळतात, त्याला घेरतात, त्याच्याभोवती काळे मेलॅनिन चढवतात. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील केनेथ सॉडरहॉल यांनी क्रेफिशवर काम करून ही साखळी कडी-कडीने उलगडली. हे संरक्षण जलद आहे, देखणेही आहे. व्हाइट स्पॉटपुढे मात्र ते टिकत नाही.

प्रतिपिंडे नसल्याचा दुसरा परिणाम निदानावर होतो आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. गुरांच्या रक्तातली प्रतिपिंडे तपासून पूर्वी होऊन गेलेली लागणही ओळखता येते. कोळंबीच्या रक्तात तसा माग राहत नाही, म्हणून खुद्द विषाणूच शोधावा लागतो. कॅरी म्युलिस यांना १९८३मध्ये सुचलेली पीसीआरची युक्ती इथे कामी आली. यंत्र डीएनए तापवते, निववते, पुन्हा तापवते. दर फेरीत हव्या त्या तुकड्याच्या प्रती दुप्पट होतात. हिशेबाने ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर जातात. व्हाइट स्पॉटसाठी ही चाचणी बहुधा दोन टप्प्यांत करतात. पहिल्याच टप्प्यात विषाणू सापडला तर लागण भारी, दुसऱ्यात सापडला तर हलकी.

खरे कसब नमुना घेण्यात आहे. हॅचरीतल्या मादीच्या पोहण्याच्या पायाचा बारीक तुकडा कापून घेतात, मादी जगते. बीज आकाराने थोडे मोठे असेल तर त्याचे डोळे काढून मगच ते वाटतात, कारण डोळ्यांतली द्रव्ये पीसीआरमध्ये अडथळा आणतात. अंडी घालण्याआधी निर्दोष ठरलेली मादी अंडी घातल्यावर बाधित निघू शकते. त्या ताणात दबलेला विषाणू वाढतो. म्हणून मादी अंडी घातल्यानंतर तपासणे अधिक भरवशाचे.

एवढे करूनही कागद काय सांगतो? बीजाचे १५० नग तपासले आणि चाचणी अचूक असली, तर किमान २ टक्के बीज बाधित असताना रोग सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. भारतात व्हेनामी जातीची कोळंबी चौरस मीटरला ६० पर्यंत सोडता येते, म्हणजे हेक्टरी सहा लाख. त्यातले एक टक्का बाधित असले तरी सहा हजार झाले, आणि कागद कोरा येऊ शकतो. तेव्हा अहवालावर ‘निगेटिव्ह’ या शब्दाइतक्याच ठळक अक्षरांत तपासलेल्या नगांची संख्या छापली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. शिवाय खेकडे हा विषाणू वाहून आणतात. बांधावर खेकड्यांसाठी कुंपण नसेल, भरतीचे पाणी ब्लीचिंग पावडरीने शुद्ध केले नसेल, तर उत्तम बीजही वाया जाते. २००९पासून भारतात आलेली रोगमुक्त व्हेनामीची पैदास ठरावीक रोगांपासून मुक्त आहे, त्यांना दाद न देणारी नव्हे. हा फरक विक्रेते फारसा सांगत नाहीत.

उलट बाजूही आहे. कोळंबीच्या आयएचएचएन या दुसऱ्या विषाणूचे तुकडे काही टायगर कोळंबींच्या स्वतःच्या जनुकसंचात जोडलेले आढळले आहेत. पीसीआर तो तुकडा पकडते आणि धडधाकट जनावर आजारी ठरते. बँकॉकच्या महिडोल विद्यापीठातील टिमथी फ्लेगेल यांनी या अडचणीतूनच एक धाडसी कल्पना मांडली: हे तुकडे कोळंबीची विषाणूविरुद्धची ढाल असावेत. त्यांच्यापासून बनणारा आरएनए पुढच्या वेळी तोच विषाणू आला की त्याची वाढ रोखतो, आणि तुकडा जनुकसंचात असल्याने तो पिल्लांपर्यंतही जाऊ शकतो. असे उपयोगी तुकडे असलेल्या माद्या निवडता आल्या, तर आज ज्या कोळंबीला ‘पॉझिटिव्ह’ म्हणून बाद करतो, तिच्यातलीच काही पैदाशीसाठी राखावी लागेल. खऱ्या विषाणूला आणि अशा तुकड्याला वेगळे ओळखणाऱ्या चाचण्या आयएचएचएनसाठी तयार आहेत. गावपातळीवरच्या प्रयोगशाळांनी त्या वापरायला हव्यात.