कोंबडीने महाग केलेली गाडी

अमेरिकेतल्या मोटार कारखान्यात एक फुटकळ सुटा भाग संपला तरी अख्खी लाइन थांबते. गोदाम भरून ठेवायचं नाही, लागेल तसा माल मागवायचा, ही टोयोटाची शिस्त डेट्रॉइटनेही कधीच उचलली आहे. त्यामुळे मेक्सिकोच्या सीमेवर, टेक्सासातल्या लरेडोला चार खोकी मागे राहिली, की रात्री दोन वाजता कुणाचा तरी फोन वाजतो. खोकी डेट्रॉइटला पोचवायची, रस्ता सोळाशे मैलांचा आणि माल कालच हवा होता! फोन उचलणारा बहुधा आपल्या व्हॅनमध्येच झोपलेला असतो. या धंद्याचं नाव ‘एक्स्पिडायटिंग’. एक गिऱ्हाईक, एक गाडी, आणि वाटेत माल दुसऱ्या गाडीत चढवणं नाही.

गाडी निवडताना गडी सगळ्यात आधी काय बघतो? रंग नाही, इंजिनही नाही. ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचा स्टिकर वाचतो. मालासकट गाडीचं कमाल वजन त्यावर छापलेलं असतं. आकडा 10,001 पौंडांच्या आत असेल तर ट्रकवाल्यांचे तासांचे नियम लागू होत नाहीत. मोठ्या ट्रकचा ड्रायव्हर दहा तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तास गाडी हाकू शकतो, आणि त्याची नोंद ठेवावी लागते. व्हॅनवाल्याला, घातक रसायनांसारखा माल सोडला, तर कुणी विचारत नाही. एका पौंडाने माणूस कायद्यातून सुटतो! धंद्यातली मंडळी याला फायदा म्हणतात. मला तो सापळा वाटतो. ‘आता झोप’ म्हणणारं कुणी नसलं की सोळाशे मैल एका दमात मारायचा मोह होतो.

आता कोंबडी. साठच्या दशकात अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात धडाधड विकली जायला लागली, तेव्हा तिथल्या देशांनी तिच्यावर जबर जकात बसवली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर 1963 मध्ये उट्टं काढलं : बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर 25 टक्के कर. बाकीच्यांची पुढे सुटका झाली, ट्रकवरचा कर मात्र साठ वर्षं टिकला. मालवाहू व्हॅनही त्याच जाळ्यात. मग सुरू झाल्या पळवाटा. मर्सिडीज जर्मनीत आख्खी स्प्रिंटर बांधायची, मग तिचं इंजिन वगैरे सुटं करायची, सगळं जहाजावर घालायची आणि साउथ कॅरोलिनात पुन्हा जोडायची. फोर्डने तर कमालच केली. तुर्कस्तानातून येणाऱ्या ‘ट्रान्झिट कनेक्ट’ला मागे सीटा आणि खिडक्या, म्हणजे कागदावर ती प्रवासी गाडी. बॉल्टिमोरला उतरली की सीटा काढून टाकायच्या, काचांच्या जागी पत्रा बसवायचा. हा खेळ फोर्डला शेवटी महागात पडला. 2024 मध्ये तडजोड म्हणून कंपनीने 36.5 कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं.

बाजारात मुख्य गाड्या तीनच : मर्सिडीज स्प्रिंटर, फोर्ड ट्रान्झिट आणि रॅम प्रोमास्टर. शेवटची म्हणजे इटलीची फियाट डुकाटो, बिल्ला बदललेली. पुढच्या चाकांवर चालते, म्हणून तिचा तळ जमिनीपासून जेमतेम 21 इंचांवर. हाताने खोकी उतरवणाऱ्याची कंबर तिला दुवा देते. गोदामाचा धक्का मात्र साधारण 48 इंच उंच. तिथे व्हॅन लावली की मधे दोन फुटांची पायरी, आणि फोर्कलिफ्टवाल्याचं तोंड वाकडं.

लाकडी पॅलेटचं अमेरिकन माप 48 गुणिले 40 इंच. हे माप किराणा कंपन्यांच्या संघटनेने रुळवलं, आणि आज व्हॅनचा हौदा त्याच्याच हिशोबाने बघितला जातो. तिन्ही गाड्यांत मागच्या चाकांच्या फुगवट्यांमधली जागा पन्नास इंचांहून थोडी जास्त, म्हणजे पॅलेट आडवं-उभं कसंही जातं. चौदा फुटी हौद्यात 40 इंची बाजू लांबीत धरली तर चार पॅलेट बसतात. पण मग झोपायचं कुठे? पलंग टाकला की चौथं पॅलेट गेलं. या धंद्यातला निम्मा वाद एवढ्यावरच चालतो.

गाडी सजवणं म्हणजे पडदे-बिडदे नव्हे. खाली प्लायवूड, भिंतींना खाचांच्या लोखंडी पट्ट्या, त्यांत अडकवायला पट्टे आणि आडवे दांडे, जपून न्यायच्या मालावर टाकायला जाड गोधड्या. आणि सीटमागे भक्कम जाळी, नाहीतर जोरात ब्रेक दाबला की माल मानगुटीवर! हे सगळं करताना हात आखडता हवा, कारण स्टिकरवरच्या आकड्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा जाता मालाला उरतं जेमतेम दीड टन. प्रत्येक फळी भाड्यातून कापली जाते.

एका वस्तूवर मात्र कंजुषी नको : डिझेल हीटर. इंजिन बंद ठेवून तासाला पाव लिटरच्या आसपास डिझेल पितो आणि मिनेसोटाच्या थंडीत माणसाला जिवंत ठेवतो. त्या थंडीत खुद्द डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, मग माणसाची काय कथा.

पैसा मिळतो तो भरलेल्या मैलांचा. रिकामी गाडी पळवली तर डिझेल आपलं आणि झोपही आपली. म्हणून जुना खेळाडू फ्लोरिडाचं भाडं लागलं की आधी दुप्पट विचार करतो. तिथे माल भरपूर जातो, पण तिथून परतीचं भाडं मिळता मिळत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही टेम्पोवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

टेम्पोवरून आठवलं. हा शब्दही गाडीबरोबरच आला. हॅम्बुर्गच्या विडाल आणि पुत्र कंपनीच्या गाड्यांचं ते नाव. त्यांच्याशी करार करून 1958 मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली, तीच आजची पुण्याची फोर्स मोटर्स. तिची ट्रॅव्हलर, म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडापासून अष्टविनायकापर्यंत सगळ्यांना नेणारी गाडी, मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनवर बेतलेली. 1995 साली युरोपात त्या टी-1ची जागा घ्यायला जी गाडी आली, तिचं नाव स्प्रिंटर.