सांडपाण्यातून वीज : प्रकाशचलित इंधन घटाबद्दलचे गैरसमज

प्रकाशचलित इंधन घटात सांडपाण्यातील सेंद्रिय घाण हेच इंधन असते. टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धवाहकाचा थर दिलेल्या अॅनोडवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि त्यांच्या जागी धनभारित पोकळ्या उरतात. पोकळ्या घाणीचे ऑक्सिडीकरण करतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून कॅथोडकडे जातात आणि तिथे ऑक्सिजनचे पाणी होते. तारेतला हा प्रवाह म्हणजेच मिळणारी वीज.

म्हणून याला पाण्यात बुडवलेले सौर पॅनेल समजणे चुकीचे आहे. पॅनेलमध्ये सगळी ऊर्जा प्रकाशाची असते. इथे घाणीत साठलेली रासायनिक ऊर्जाही विजेत उतरते. जीवाणूंच्या इंधन घटाशीही त्याची गल्लत होते. तिथे इलेक्ट्रॉन काढण्याचे काम जिवंत जीवाणू करतात, इथे निर्जीव थर. त्यामुळे जीवाणूंना मारक ठरणारे रंगद्रव्यांचे किंवा प्रतिजैविकांचे सांडपाणीही इथे चालते. या तंत्राची खरी जमेची बाजू हीच.

‘ऊन फुकट, म्हणजे वीजही फुकट’ हा समज सर्वांत दिशाभूल करणारा. 1972 मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले, तेव्हापासून या स्वस्त आणि टिकाऊ पदार्थावर संशोधकांची भिस्त आहे. पण त्याच्या अॅनाटेज रूपाला सुमारे 387 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचाच, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो आणि उन्हात तो जेमतेम 4 ते 5 टक्के असतो. बिस्मथ व्हॅनडेट दृश्य प्रकाशही वापरतो, मात्र त्यात मोकळे झालेले इलेक्ट्रॉन बरेचदा तारेपर्यंत पोचण्याआधीच पुन्हा पोकळ्यांत पडतात. कॅडमियम सल्फाइड तर प्रकाशातच झिजते आणि पाण्यात विषारी कॅडमियम सोडते. पाणी शुद्ध करण्यासाठी असा पदार्थ निवडणे घातकच. शिवाय गढूळ पाणी प्रकाश अडवते आणि रात्री कृत्रिम दिवा लावला तर मिळालेल्या विजेपेक्षा जास्त खर्ची पडते.

अशा घटांवर शहर उजळेल, ही अपेक्षाही अवाजवी. लिटरमागे 500 मिलिग्रॅम सीओडी (घाणीच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) असलेल्या 1 घनमीटर सांडपाण्यात तत्त्वतः सुमारे 1.9 युनिट ऊर्जा असते. प्रत्यक्षात हाती लागतो तो त्याचा लहानसा अंश.

बाहेर पडणारे पाणी पिण्याजोगे असते, हेही खरे नाही. विरघळलेले क्षार आणि फॉस्फेट तसेच राहतात. रंग उडाला तरी अर्धवट ऑक्सिडीकरणातून तयार झालेली मधली रसायने उरू शकतात आणि त्यांतली काही मूळ पदार्थापेक्षाही विषारी असतात. म्हणून शुद्धीकरण किती झाले हे नितळपणावरून ठरवता येत नाही. पाण्यात शिल्लक राहिलेला सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो.