खाऊनही खंगणारी गाय

गाय वैरण सोडीत नाही, पाणी नेहमीप्रमाणे पिते, अंगात ताप नाही. परंतु शेण पाण्यासारखे पातळ पडते. औषधाने आठ-दहा दिवस बरे वाटते आणि पुन्हा हगवण लागते. दूध आटते, बरगड्या उघड्या पडतात आणि पुढे जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज लोंबू लागते. घरधनी पेंड वाढवितो, टॉनिकची बाटली आणतो, कोणी सांगेल ती भुकटी चारतो. पैसा जातो आणि गाय खंगतच राहते. अशा हगवणीमागे पुष्कळदा जोन्स रोग असतो.

इ. स. १८९५ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे योने व फ्रॉदिंगहॅम या शास्त्रज्ञांना अशा एका गाईच्या आतड्यात क्षयाच्या जंतूसारखे जंतू आढळले. योने या नावाचे इंग्रजी वळणाने ‘जोन्स’ झाले व तेच आपल्याकडे रूढ आहे. हा जंतू लहान आतड्याच्या अस्तरात ठाण मांडतो. त्याचा नाश करण्यासाठी शरीरातील संरक्षक पेशी तेथे गोळा होतात. जंतू मरत नाही, पेशींची गर्दी मात्र वाढत जाते. अस्तर जाड होते व त्यास मेंदूवर असतात तशा वळ्या पडतात. अन्नरस शोषून घेणारी जागाच अशी निकामी झाल्यावर खाल्लेले अंगी लागणार कसे? उलट रक्तातील प्रथिने आतड्यात झिरपून शेणावाटे बाहेर जातात. जबड्याखालची सूज ही त्या तुटीचीच खूण होय.

पूरक खाद्याची मर्यादा यावरून ध्यानात येईल. खनिज मिश्रण वाईट नव्हे. दुभत्या गाईस ते दररोज सुमारे ५० ग्रॅम दिल्यास क्षारांची उणीव भरून निघते. परंतु त्याने जंतू मरत नाही आणि जाड झालेले अस्तर पूर्ववत होत नाही. रोगी गाईस चांगला चारा अवश्य द्यावा, तो तिचे हाल कमी व्हावेत म्हणून. या रोगावर शेतकऱ्यास परवडेल असा खात्रीचा उपचार नाही, हे स्पष्ट सांगणे बरे. ‘महिनाभरात गाय उभी करतो’ असे सांगून बाटल्या विकणारे लोक गावोगाव फिरतात. त्यांच्यावर खर्च करण्यापूर्वी शेण तपासून घ्यावे.

तपासणी आवश्यक आहे, कारण प्रत्येक जुनाट हगवण जोन्स रोगाची नसते. पोटातील जंतांमुळे, तसेच पाणथळ व भातखाचरांच्या भागात यकृतातील चपट्या कृमींमुळे हुबेहूब हीच लक्षणे दिसतात, आणि ती योग्य औषधाने बरी होतात. कार्यकर्त्यांनी शेणाचा नमुना स्वच्छ बाटलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचविण्यास मदत करावी. एका तपासणीत जंतू दिसला नाही म्हणून जनावर निर्दोष ठरत नाही. संशय राहिल्यास रक्ताची तपासणीही करावी लागते. शेळ्या-मेंढ्यांत तर बहुधा हगवण लागतच नाही, जनावर नुसते वाळत जाते.

आज हगवण लागलेल्या गाईस रोग आज जडलेला नसतो. तो बहुधा वासरूपणी, पहिल्या काही महिन्यांत, शेणाने माखलेल्या सडांतून, दूषित चिकातून अथवा दुधातून शिरलेला असतो; क्वचित गर्भातही. लक्षणे दिसण्यास दोन ते पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो व ती पुष्कळदा वेतानंतर उघड होतात. म्हणून खरी राखण वासराची करावयास हवी. गाय कोरड्या, स्वच्छ जागी व्यालेली बरी. कास व सड धुऊन चीक काढावा आणि पहिल्या एक-दोन तासांतच पाजावा. गाय रोगी असल्यास तिचा चीक न देता निरोगी गाईचा द्यावा. वासरे मोठ्या जनावरांच्या शेणापासून दूर बांधावीत. त्यांचे पाण्याचे भांडे व गव्हाण निराळी असावी.

रोगी गाय बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा मोह होतो. दोष देणे सोपे आहे, कारण त्या गाईवर कर्जही असते. पण घेणाऱ्याचेही कर्जच असते, आणि त्याच्या गोठ्यात वासरे असतात. परदेशांत अशी जनावरे कळपातून काढून मारतात. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल निषिद्ध आहे. तेव्हा तिला वेगळे बांधून शेवटपर्यंत सांभाळणे हाच मार्ग उरतो. मथुरा जिल्ह्यातील मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने देशी जंतूपासून या रोगावरील लस तयार केली आहे. अशा लसींनी रोगाचा जोर कमी होतो, लागण मात्र पूर्णपणे थांबत नाही. लसीमुळे क्षयाच्या चाचणीत घोटाळा होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच टोचावी.

माणसालाही आतड्यांचा असाच एक दीर्घ दाह होतो. त्यास क्रोन रोग म्हणतात. ग्लासगोचे शल्यवैद्य डॅलझिएल यांनी १९१३ मध्येच त्याचे या गुरांच्या रोगाशी असलेले साम्य दाखविले होते. तथापि गुरांच्या जंतूमुळेच माणसास तो होतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. भिण्याचे कारण नाही. दूध मात्र उकळूनच प्यावे. घरात कोणास आठवडेच्या आठवडे ढाळ होत असतील, शौचातून रक्त पडत असेल व वजन घटत असेल, तर शक्तीच्या भुकट्यांवर वेळ न दवडता त्यास दवाखान्यात न्यावे.

रोगी गाईच्या शेणाविषयी एक गोष्ट राहिली. शेणात व ओल्या मातीत हा जंतू वर्षभरापर्यंत जगू शकतो. ते शेण वैरणीच्या रानात पसरू नये. निराळ्या खड्ड्यात मातीने झाकून कुजवावे आणि वर्षानंतर, जेथे जनावरे चरत नाहीत अशा शेतात घालावे. त्या खड्ड्याचे फावडे व घमेले वासरांच्या गोठ्यात नेऊ नये.